गजराबाईच्या खांद्यावरचा हात

खंडोबाच्या भंडाऱ्याची आण घेऊन वरडून सांगतो, मित्रांनो, ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय! खोटं निघालं तर उंदरानं मला कुरतडावं, उन्हानं माझी चाळण करावी, आन पुढचे सात जन्म माझ्यावर निसते पुढाऱ्यांचे वाढदिवस छापावेत. एवढी मोठी शपथ आजपातूर कुठल्या फ्लेक्सनं घेतली नसंल.

व्हय, मी एक जुना फ्लेक्स हाय. दहा फूट लांब, आठ फूट उंच. चार कोपऱ्याला चार पितळी रिंगा व्हत्या. त्यातल्या दोन ऱ्हायल्यात. एक कोकरानं गिळली, आन दुसरी कुठं गेली ते मी सांगणार न्हाई, कारण शपथ घेतलीय.

माझा जन्म पेठेतला, भरतच्या दुकानातला. मशीनच्या तोंडात एका बाजूनं कोरा शिरलो आन दुसऱ्या बाजूनं गजराबाई होऊन भाईर पडलो. त्या वक्ताला मशीन असं काय गरजलं, की समोरच्या हाटेलात उतू चाललेलं दूध भ्यालं आन परत पातेल्यात जाऊन बसलं. भरतला इचारलंत तर तो न्हाई म्हणंल, पण त्याचं ध्यान मोबाइलात व्हतं.

आता गजराबाई कोण ते सांगतो. पेठेपासून कोसभर आत एक वस्ती हाय. तिथल्या बऱ्याच जणांनी मेंढरं इकली आन बटाटा लावला, कुणी चाकणला कंपनीत लागलं. गजराबाईनं मात्र साठ मेंढरं अजून राखलीत. अंगानं काटकुळी, जिभंनं धारदार. त्या आठवड्यातल्या रविवारी तिला पंच्याहत्तर पुरी व्हणार व्हती. तिचा नातू ऋषी म्हणला, आजी, फाट्यावर फ्लेक्स लावू. म्हातारी म्हणली, फ्लेक्स लावा न्हाईतर ताशा लावा, माझं एकच सांगणं हाय. राघू आल्याबिगर मी पाटावर बसायची न्हाई आन कुणाकडनं ओवाळून घ्यायची न्हाई.

राघू तिचा पाठचा भाऊ. तिनं त्याला कडंवर घेऊन मेंढरामागं हिंडवलेला. तो निरगुडसरला ऱ्हातो, म्हंजी एस्टीनं जेमतेम तासाभरावर. पण अठरा वर्सं त्यानं भणीच्या उंबऱ्यावर पाय ठेवला न्हवता. आन त्याचं कारण एक फोटो.

अठरा वर्सांमागं जत्रंत गजराबाईच्या सर्जा नावाच्या मेंढ्याचा पहिला नंबर आला. तिथं फोटोवाल्यानं फोटो काढला. मधी गजराबाई, तिच्या एका अंगाला सर्जा, दुसऱ्या अंगाला राघू, आन राघूचा हात भणीच्या खांद्यावर. फोटो लांबुडका. मंचरच्या बाजारात भगवंत फ्रेमवाल्याकडं काच घावली ती आखूड. फ्रेम भिताडावर लागली तवा तिच्यात सर्जा व्हता, गजराबाई व्हती, आन राघूचा निसता हात. मनगटापातूर. बाकीचा राघू गायब.

भाऊबीजंला राघू लुगडं घेऊन आला. भिताडाकडं बघून जागीच थांबला. म्हणला, आक्का, मेंढा ठेवलास आन भाऊ कापलास व्हय. घरात सगळं सोयरं बसलेलं. समद्यांम्होरं असं बोलल्यावर गजराबाईचं डोस्कं फिरलं. ती म्हणली, मेंढाच बरा, शिंगं मारतो पर सांजच्याला घरी येतो. राघूनं लुगडं उंबऱ्यावर ठेवलं आन गेला. ओवाळायचं ताट तसंच ऱ्हायलं. तवापासनं दोघं बी एकमेकाच्या मरणाची न्हाई पर माफीची वाट बघत बसली.

ऋषीनं राघूबाबाला वाढदिवसाचं फोनवर सांगितलं व्हतं. तिकडनं निसता हूं आला. येतो बी म्हणला न्हाई आन येत न्हाई असं बी म्हणला न्हाई.

मग माझी तयारी सुरू झाली. म्हातारीचा दुसरा फोटोच न्हाई, कारण मोबाइल धरला की ती तोंडावर पदर घेती. म्हणून ऋषीनं भिताडावरच्या त्याच फ्रेमचा फोटो काढून भरतला धाडला. भरत मनानं लई चांगला, पण त्याच्या हाताला घाई. फोटोचा रंग उडून पार विटकरी झालेला. तो म्हणला, ब्लॅक अँड व्हाइट करतो, साफ दिसंल. केला. मग सर्जाला काढून टाकला, कारण वाढदिवसाला मेंढा शोभत न्हाई. पुढाऱ्याच्या मागं वाघ शोभतो, त्यानं जल्मात कुत्र्याला हाड केलेलं नसलं तरी शोभतो, पर मेंढा न्हाई. मग उरला हात. तो खोडाय गेला तर म्हातारीच्या खांद्यावरचं लुगडं जळल्यावाणी दिसाय लागलं. म्हणला, ऱ्हाऊ दे, कोण बघतंय.

आता मागचं चित्र पायजे. आदल्या दिशी भरतनं एका मयताचा फ्लेक्स केला व्हता, तीच फाइल उघडली. निळंकाळं आभाळ, डोंगराआड मावळणारा सूर्य, एका कोपऱ्यात पेटलेली समई, दुसऱ्यात पांढरं कमळ. भावपूर्ण श्रद्धांजली पुसून हार्दिक शुभेच्छा लिवलं. शोकाकुल पुसून शुभेच्छुक लिवलं. फोटोखाली दोन तारखांची जागा व्हती. एकीत म्हातारीची जन्मतारीख टाकली, दुसरीत रविवारची, कार्यक्रमाची. अक्षरं सगळी बरोबर. एक बी खोटं न्हाई. मला तरी काय कळतंय, मी घटकाभराचा व्हतो. मला वाटलं, मी लई देखणा झालोय.

शुक्रवारी सकाळच्याला मला फाट्यावर दोन बांबूंना बांधला. खाली कुंडलिकची चहाची टपरी. पहिलाच मोटरसायकलवाला आला, त्यानं मला बघितलं, गाडी हळू केली, टोपी काढली आन हात जोडलं. मला वाटलं, लोकं किती चांगली हायती. मग डोक्यावर पाट्या घेतलेल्या बाया आल्या, त्यांनी पदर डोळ्याला लावला. मग सकाळची एस्टी आली आन माझ्याम्होरं आपणहून थांबली. डायवर सांगतो की त्यानं ब्रेक दाबला. त्यानं दाबला न्हाई. गाडीनंच दाबला, मी बघितलंय.

त्यात एक कावळा येऊन माझ्या वरच्या बांबूवर बसला. कुंडलिकच्या टपरीवरची समदी माणसं वर बघाय लागली. एकजण म्हणला, शिवला, लगेच शिवला, म्हातारीची काय इच्छा ऱ्हायली नसणार. दुसऱ्यानं इचारलं, पर खांद्यावर ह्यो हात कुणाचा? मागं माणूसच न्हाई. कुंडलिकनं चहा गाळता गाळता सांगून टाकलं, यमाचा. मग त्या दिशी टपरीवर कुणी दुसरा चहा मागितला न्हाई.

मित्रांनो, ही माणसं आंधळी न्हाईत आन अडाणी बी न्हाईत. पर चालत्या गाडीवरचं माणूस अक्षरं कधी वाचतंय? ते चित्र वाचतंय, आन एका दमात वाचतंय. काळापांढरा फोटो, समई, मावळता सूर्य, दोन तारखा. ह्यातलं एकेक सुटं असतं तर कायबी बिघडलं नसतं. समई लग्नात बी असती. पर समदी एका जागी आली आन त्यांनी मिळून गजराबाईला मारली.

वस्तीवर काय झालं ते मी डोळ्यांनी न्हाई बघितलं, पर म्हातारी येणाऱ्या दर पावण्याला ते सांगती, म्हणून मला तोंडपाठ हाय. पहिली बाई दारातनंच हंबरडा फोडत आत शिरली. गजराबाई मेथी निवडत व्हती. तिनं इचारलं, कोण गेलं गं? ती बाई आल्या पावली जी पळाली, ती थेट बटाट्याच्या वावरात जाऊन थांबली. दुपारपातूर अकरा बाया आल्या. म्हातारीनं मग शाणपणा केला. माजघरात दडून बसली आन सुनंला म्हणली, येऊ दे, बोलू दे, काय काय बोलत्यात ते ऐकू. अकरातल्या नऊ जणी म्हणल्या की गजराबाईवाणी बाई व्हणं न्हाई. ऱ्हायलेल्या दोघी कोण, ते बी तिनं ध्यानात ठेवलंय.

त्याच दिशी दुपारच्या एस्टीनं समृद्धी आली. समृद्धी म्हंजी ऋषीची धाकटी भण. पुण्याला कालेजात हाय. पेपरातलं, टीव्हीतलं, जाहिरातीतलं चित्र कसं बोलतं, ते तिथं एक बाई त्यांना शिकवत्यात. आन ही शिकलेली पोरगी, मला बघून फाट्यावर मटकन खाली बसली. सकाळीच आजीशी फोनवर बोललेली असून बी. मग तिनं खालची अक्षरं वाचली. मग हसली. मग उठून माझ्याम्होरं लई येळ उभी ऱ्हायली आन बोटावर काहीतरी मोजाय लागली.

घरी जाऊन तिनं आजीला सांगितलं की बाईंनी चित्राला तीन गोष्टी इचारायला शिकवलंय. आधी निसतं दिसतंय काय, ते सांगायचं. मग त्यातनं कळतंय काय, ते सांगायचं. दोन्हीची गल्लत करायची न्हाई. आन शेवटाला इचारायचं, हे असं कुणी मांडलं, आन चौकटीच्या भाईर काय ठेवलं.

म्हातारी म्हणली, मेंढराच्या पाठीवरचा तांबडा पट्टा बघून धनी कोण ते आमी माळाच्या ह्या टोकावरनं सांगतो. त्याला आता कालेज निघालं व्हय?

समृद्धी म्हणली की तेच तर हाय आजी. रंग निसता रंग असतो. आपुन समद्यांनी ठरवलं म्हणून तो पट्टा गजराबाईचा. दुसऱ्या मुलखात तोच पट्टा दुसऱ्याचा. समईचं बी तसंच, सूर्याचं बी तसंच. म्हातारीला ते पटलं, पर पटलं असं तिनं कबूल केलं न्हाई.

ऋषी शिडी घेऊन मला काढायला निघाला तर गजराबाईनंच अडवलं. म्हणली, सांजपातूर ऱ्हाऊ दे, अजून कोण कोण रडतंय बघू. समद्यांना वाटलं म्हातारीला गंमत सुचलीय. ती माजघरातनं उठून वट्यावर येऊन बसली. सांजच्याला समृद्धीच्या ध्यानात आलं की आजी बायांकडं बघतच न्हाई, रस्त्याकडं बघतीय. भाऊ वाढदिवसाला येणार न्हाई, पर मयतीला तरी येईल, एवढ्यासाठी तिनं मला टांगून ठेवला व्हता.

मेंढरं वाड्यात आली. दिवं लागलं. रस्त्यावर कुणी न्हाई. गजराबाई उठली आन म्हणली, "मेल्यावर बी आला न्हाई. काढा त्यो कपडा." आन जेवली न्हाई.

शनिवारी सकाळी समृद्धी गाडीवरनं फाट्यावर आली. मला उतरवायचं आन भरतकडं जाऊन नवा, हसरा, रंगीत फ्लेक्स करायचा, असा तिचा बेत. भरतला मोबाइलमधला न्हाई तर खरा फोटो द्यायचा, म्हणून सकाळी उठून तिनं फ्रेमचे खिळे काढून फोटो भाईर काढला व्हता. पिशवीत घालून आणला व्हता. त्या फोटोत तिला काय दिसलं ते तिनं घरात कुणाला सांगितलं न्हाई. तुमाला बी मी आत्ता सांगणार न्हाई.

ती आली तवा माझ्या खाली एक म्हातारा बसला व्हता.

तो आधीच्या एस्टीनं आला व्हता. डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, आठव्या दिशी दाखवायला खेडला चाललेला. डोळ्यावर काळा चष्मा. तसला चष्मा फ्लेक्सवरच्या पोरानं घातला तर तो भाई, आन म्हाताऱ्यानं घातला तर डोळ्याचं आपरेशन. चष्मा तोच. एस्टी फाट्यावर थांबली, त्यानं खिडकीतनं मला बघितलं, आन वरडला की थांबवा. खाली उतरला. पटका काढून मांडीवर ठेवला आन मातीत बसला. कुंडलिकनं चहा आणून दिला, तो तसाच गार झाला. मग म्हातारा उठला, माझ्याजवळ आला, आन सोताचा उजवा हात वर करून माझ्यावरच्या हाताशेजारी धरला.

माझ्यावरच्या हाताची करंगळी वाकडी हाय, मित्रांनो. जवानीत राघूनं लांडग्याच्या जबड्यातनं कोकरू वढून काढलं व्हतं, तवाची. लांडगा बैलाएवढा व्हता. म्हाताऱ्याची करंगळी तशीच वाकडी, त्याच पेरात.

समृद्धीला राघूबाबाला बघितलेलं आठवत न्हाई, ती दोन वर्सांची व्हती तवाच भांडण झालं. पर तिनं हात बघितला आन वळखलं. गाडी तशीच स्टँडवर लावली आन जवळ आली.

"बाबा, ह्यात काय दिसतंय?"

"मेली," म्हातारा म्हणला. वळून बघितलं बी न्हाई. "माझी आक्का मेली. माझ्या घरची कालपासनं समदी गप गप व्हती. डाक्टरनं सांगितलंय डोळ्यात पाणी आणायचं न्हाई, म्हणून मला सांगितलं न्हाई त्यांनी."

"ते तुमाला कळलं, बाबा. मी इचारते, दिसतंय काय?"

म्हाताऱ्याला वाटलं असंल की शहरातली पोर हाय, डोकं जरा हललेलं हाय. पर धनगर माणूस, बघायची सवय. एकेक सांगाय लागला. समई दिसती. कमळ दिसतंय. सूर्य बुडतोय. आक्का हाय, ती हसतीय. खाली लिवलेलं हाय, ते मला वाचता येत न्हाई. आन माझा हात हाय.

"मेलेली कुठं दिसती?"

म्हाताऱ्यानं चष्मा वर करून मला पुन्यांदा न्याहाळलं. खरं सांगतो, त्या येळंला माझ्यावरची समई फडफडली. वारा न्हवता.

मग समृद्धीनं अक्षरांवर बोट ठेवून त्याला वाचून दाखवलं. वाढदिवस. हार्दिक शुभेच्छा. उद्याची तारीख. आन सांगितलं की मी गजराबाईची नात, आन आजी काल सांजपातूर तुमची वाट बघत वट्यावर बसली व्हती.

राघूबाबा हसला का रडला ते चष्म्यामुळं कळलं न्हाई. जरा येळानं त्यानं पटका बांधला. आन आता तुमी म्हणाल, तो निघाला असंल भणीकडं. तो एस्टीच्या थांब्याकडं निघाला.

"कुठं चाललात?"

"डोळा दाखवाय. मेलेल्या माणसाशी माझं भांडण न्हाई, पोरी. जित्तीशी हाय. तिनं मेंढा ठेवला आन मला कापला."

समृद्धी आडवी आली न्हाई. तिनं निसती पिशवी उघडली आन फोटो काढून त्याच्या हातात दिला.

मित्रांनो, फोटो पुरा व्हता. कुठंच कापलेला न्हाई. राघूच्या मनगटाजवळ घडी घालून तेवढा भाग मागं दुमडलेला व्हता, आन तो अठरा वर्सं फ्रेमच्या पुठ्ठ्यामागं तसाच बसला व्हता. पटक्यात, मिशीला पीळ देऊन, हसत. उजेड लागला न्हाई म्हणून त्याचा रंग बी उडाला न्हाई. गजराबाई विटकरी झाली, सर्जा विटकरी झाला, आन राघू कालच जत्रंतनं आल्यावाणी ताजा.

म्हाताऱ्यानं घडीवरनं बोट फिरवलं. घडीच्या जागी कागद पांढरा पडून तडकला व्हता. कालची घडी अशी नसती, हे त्याला कुणी सांगायला लागलं न्हाई. मेंढराच्या कानावरची खूण किती सालाची, ते बोटानं सांगणारा माणूस त्यो.

"हिकडनंच का दुमडला?" तो म्हणला. पर इचारता इचारता त्याचं बोट सर्जावर गेलं. सर्जाचं शिंग गजराबाईच्या पदरात शिरलेलं, तो तिला पार चिकटून उभा. तिकडनं घडी घातली असती तर गजराबाईच अर्धी मागं गेली असती. लई येळ त्यानं ते शिंग बघितलं. मग हळूच म्हणला, "ह्यो सर्जा, पदर सोडायचाच न्हाई कधी."

समृद्धीनं सांगितलं की आज सकाळी तिनं भगवंत फ्रेमवाल्याला फोन करून इचारलं. त्याला अजून आठवतंय. तो म्हणला, मी कातर घेतली व्हती, तर बाईनं माझं मनगट धरलं. म्हणली, भावाला कातर लावायची न्हाई, मागं ठेव.

"मग सांगितलं का न्हाई तिनं?"

"भांडणाचा विषय निघाला की आजी कायम एवढंच म्हणते, राघूनं इचारलं न्हाई, आरोप केला."

"इचारलं व्हतं मी," म्हातारा म्हणला. मग फोटोची घडी सरळ करत म्हणला, "वरडून इचारलं."

खेडची एस्टी आली आन गेली. राघूबाबानं मला उतरवायला समृद्धीला हातभार लावला, माझी गुंडाळी केली, आन मला खांद्यावर घेतलं. म्हणला, ही मेलेली आक्का मी न्हेतो, तू जित्तीला फोन करू नगं. गाडीच्या मागं बसून तो वस्तीवर निघाला, आन मी त्याच्या खांद्यावर. मागनं येणाऱ्या लोकांना वाटलं असंल, म्हातारा गालिचा इकायला चाललाय.

वस्तीवर गजराबाई मेंढरांना पाणी दाखवत व्हती. तिनं वर बघितलं. काळा चष्मा, पटका, खांद्यावर गुंडाळी. हातातली बादली तिनं खाली ठेवली, पर पुढं आली न्हाई.

"राघ्या, मेल्यावर येणार व्हतास ना? मग आधीच कसा आलास?"

"डोळा नवा हाय, आक्का," राघू म्हणला. "बघण्यात चूक झाली."

ह्याच्या पुढं दोघं काय बोलली ते मला ऐकू आलं न्हाई, कारण त्यानं मला खाली टाकला आन तो तिच्या पायावर वाकला, आन एक मेंढी येऊन माझ्यावर उभी ऱ्हायली. एवढं मात्र कळलं की म्हातारी त्याच्या डोळ्याला पदर लावत व्हती आन दटावत व्हती, "पाणी आणू नगंस, डाक्टर मला बोलंल."

रविवारी दोन पाट मांडलं. गजराबाई अंजिरी लुगडं नेसून आली. लुगडं नवं, पर घडीच्या रेघा अशा खोल बसलेल्या की अंगावर बी मोडंनात. राघूबाबानं त्या रेघा बघितल्या, आन अठरा वर्सांमागं उंबऱ्यावर काय ठेवलं व्हतं ते त्याला आठवलं असणार, कारण तो पाटावर बसता बसता थांबला. आधी तिनं त्याला ओवाळलं, मग सुनंनं तिला. भिताडावर फोटो लांब फ्रेमीत लागला, घडीच्या रेघंसकट, तिघं बी एका ओळीत.

भरतनं नवा फ्लेक्स फुकट करून दिला. लई गुलाबी व्हता. आठ दिसांनी वाऱ्यानं न्हेला, आता कुणाला आठवत बी न्हाई. मी मात्र ऱ्हायलो. कोकरांच्या वाड्याला पश्चिमेकडनं आडोसा म्हणून मला बांधला, चित्र आतल्या अंगाला. चार वर्सं झाली. कोकरं मला अंग घासत्यात. समई म्हंजी मरण, हे त्यांना कुणी शिकवलेलं न्हाई. त्यांना निसती गजराबाई दिसती आन पाला येणार असं कळतं. समृद्धी सुट्टीला येती तवा माझ्याम्होरं उभी ऱ्हाती आन म्हणती, आमच्या वर्गात ह्यांच्याइतकं सरळ कुणी बघत न्हाई.

उन्हानं माझं समदं न्हेलं. सूर्य गेला, कमळ गेलं, समई गेली, तारखा गेल्या, गजराबाईचं तोंड बी धुरकट झालं. पर तिच्या खांद्यावरचा हात अजून जसाच्या तसा हाय. उन्हाची त्याला हात लावायची टाप न्हाई झाली.

म्हणून मित्रांनो, माझं एवढं ऐका. भिताडावरचं असू दे, पेपरातलं असू दे, न्हाईतर मोबाइलात आलेलं असू दे, चित्र बघितलं की कुणाला मारू नका आन कुणाशी भांडू नका. आधी दिसतंय काय ते बघा. मग फ्रेमचं खिळं काढून, मागं काय दुमडलंय ते बघा. आन आमचं काम संपलं की आमाला वढ्यात टाकू नका. आडोशाला लावा. आमाला अजून लई बघायचं असतं.

आता थांबतो. पर शपथ मोठी घेतलीय, म्हणून एक कबूल करतो. दुधाचं खरं हाय, एस्टीचं खरं हाय, लांडगा बी बैलाएवढाच व्हता. एकच गोष्ट मी बनवून सांगितली. हात तसाच ऱ्हायला म्हणलो, ते खोटं. समद्यात आधी त्योच फिका पडला, पहिल्याच उन्हाळ्यात. पर राघूबाबा दर भाऊबीजंला येतो, मेंढराच्या पाठीवर लावायचा तांबडा रंग काडीला लावतो, आन त्यो हात पुन्यांदा काढतो. गजराबाई डबा धरून शेजारी उभी असती आन सांगत असती, "करंगळी वाकडी काढ, राघ्या. सरळ काढलीस तर कोकरं वळखायची न्हाईत."